बाराच्या आत

सोजरबाईंनी जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नाही. चिंचवडच्या कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक घड्याळ होतं, पण चुलीपाशी उभं राहिलं की त्याच्याकडे पाठ यायची. सोजरबाईंचं घड्याळ मागच्या अंगणात होतं. कपडे वाळत घालायच्या तारेचा लोखंडी खांब, आणि त्या खांबापासून विहिरीपर्यंत सरळ गेलेली फरश्यांची ओळ. सकाळी खांबाची सावली लांब, पार कंपाउंडच्या भिंतीकडे पडायची. मग आखडत, सरकत फरश्यांकडे यायची. ओळीपासून तीन हात लांब असली की डाळ चढवायची. दोन हातांवर आली की भाकऱ्या. ओळीवर सरळ निजली की दुपार झाली.

चॅपलची घंटा गेनबा माळी वाजवायचा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. बाराची घंटा व्हायची तेव्हा सावली ओळीपासून बाजूलाच असायची. कधी वीतभर, थंडी सरताना चांगली हातभर. हे सोजरबाईंनी पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. घंटेला दुपारची घाई असते, एवढं त्या समजल्या. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या कामाला लागल्या ते साल बासष्ट. तेव्हा कॉन्व्हेंट म्हणजे चार खोल्या, एक चॅपल आणि भोवती ज्वारी. भीमराज, म्हणजे त्यांचे मालक, पिंपरीला कंपनीत लागलेले. चाळीत दोन खोल्या मिळालेल्या. सिस्टरांना स्वयंपाकाला बाई हवी आहे असं कळलं आणि सोजरबाई सरळ फाटकातून आत गेल्या. चाळीत लगेच कुजबुज सुरू झाली. बौद्ध होऊन सहा वर्षं झाली नाहीत, तोवर ही आता ख्रिस्ताव होणार. सोजरबाईंनी नळावर, सगळ्यांसमोर हंडा खाली ठेवून सांगितलं, "मी कांदा चिरायला जाते. डोक्यावर पाणी शिंपडून घ्यायला न्हाई." हंडा उचलला आणि गेल्या. विषय तिथेच मिटला.

सिस्टरांनीही कधी तो विषय काढला नाही. मोठ्या मदर होत्या ऑगस्टा, मंगळूरकडच्या. उंच, काटक, चालताना आवाज न करणाऱ्या. मराठी पुस्तकातून शिकलेल्या. सोजरबाईंच्या हातचा सांबार चाखून त्यांनी पहिल्या दिवशी डोळे मिटले होते. म्हणाल्या होत्या, "यात मंगळूर नाही. पण चांगला आहे." बारा वर्षं दोघींचं बरं चाललं.

फक्त एक गोष्ट होती. स्वयंपाकघरातून पुढच्या बाजूला एक खिडकी होती. शिजलेलं अन्न त्या खिडकीतून पलीकडे जायचं. पलीकडे काय होतं, कोण कसं जेवतं, हे सोजरबाईंनी बारा वर्षांत पाहिलं नाही. पाहुण्यांच्या खोलीला तिथे पार्लर म्हणत. त्या खोलीत चुलीवरचं माणूस जात नसे. कुणाचा अपमान म्हणून नव्हे. घरची रीत होती, इतकंच.

सोजरबाईंना रीत समजायची. त्यांचा जन्म चाकणच्या बाजूचा, महाळुंग्याजवळच्या एका वाडीतला. तिथली रीत वेगळी होती. एकदा माघात त्यांची आई, कस्तुराबाई, हरभरा सोंगून परत येत होती. बांधावर मोठ्या घरचं एक चार वर्षांचं पोर उभं होतं. आईनं कौतुकानं त्याच्या ओंजळीत ओले घाटे घातले. मागून पोराची आजी आली. तिनं काही शिवी दिली नाही. पोराचा हात धरला, उलटा केला आणि झटकला. घाटे मातीत पडले. सोजर तेव्हा सात वर्षांची. ती खाली वाकून घाटे वेचायला लागली, तर आई म्हणाली, "राहू दे."

पुढे धर्म बदलला, गाव सुटलं. देहूरोडच्या विहारात एकदा एक भंते आले. कस्तुराबाई पहाटेच उठून भात शिजवून घेऊन गेली होती. भंतेंच्या पात्रात आपल्या हातानं दोन घास घालायचे. पण गर्दी मोठी. समितीच्या माणसांनी बायकांचे डबे घेतले आणि एका पातेल्यात ओतले. अन्न पोचलं. कस्तुराबाई मात्र एकोणसत्तर साली जाईपर्यंत म्हणत राहिली, "माझ्या हातनं न्हाई गेलं."

म्हणून चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत मदर ऑगस्टा स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "सोजर, गुरुवारी आपल्याकडे बौद्ध गुरू येणार आहेत. सिलोनचे. जेवायला," तेव्हा सोजरबाईंच्या हातातली पळी डाळीत गेली आणि तिथेच राहिली.

मदरनी सविस्तर सांगितलं. रोमहून आता असं सांगतात, इतर धर्मांच्या लोकांना भेटा, त्यांचा मान करा. शाळेत बौद्धांची इतकी मुलं आहेत. सिलोनचे भंते देहूरोडला मुक्कामाला आहेत, असं त्यांना कळलं. त्यांनी पत्र पाठवलं. उत्तर आलं.

"भंते बाराच्या आत जेवत्यात," सोजरबाई म्हणाल्या. "दुपार टळली की दुसऱ्या दिशी पहाटेपर्यंत घास न्हाई. नुसतं पाणी."

"बाराच्या आत," मदरनी बोटावर धरलं. "ठीक. सव्वाअकराला बसवू."

दारात गेनबा कोथिंबीर घेऊन उभा होता. तो म्हणाला, "अन् उशीर झालाच, तर मी घंटा पाच मिंटं मागं मारतो की. हाय काय त्यात."

"घंटा तुझ्या हातात हाय गेनबा. सूर्य न्हाई."

मदर हसल्या. त्या हसल्या म्हणून सोजरबाईंनी विचारून टाकलं. "मदर, वाढायला मी येऊ?"

"पार्लरमध्ये?"

"हातपाय धुऊन येते. नवं लुगडं हाय."

"लुगड्याचा प्रश्न नाही," मदर म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण दार बंद होतं. "एकाला सोडलं की रीत मोडते. ताटं सिस्टर रेजिना नेते. मीसुद्धा पाहुण्यांसमोर जेवत नाही, सोजर. मलाही नियम आहे."

"बरं." पळी डाळीतून काढून सोजरबाई म्हणाल्या, "मग एक भाजी माझ्या मनाची करू?"

"कर."

घरी भीमराजना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बारा वर्षं त्यांना जेवू घातलंस. एक दिवस पुढं जाऊ देईनात?"

"त्यांची रीत हाय."

"आन् तुझ्या आईचं काय?"

भाजी कोणती करायची ते सोजरबाईंचं ठरलं होतं. ओल्या हरभऱ्याची उसळ.

गुरुवारी भंते आले ते रिक्षातून. सत्तरीचे, बारीक, काळेसावळे, अंगावरचं चीवर नीट चापूनचोपून घेतलेलं. बरोबर ज्ञानदेव होता. हा समितीचा चिटणीस, कंपनीत फिटर, आणि भीमराजांच्या ओळखीचा. सकाळपासून भंतेंनी नुसता चहा घेतला आहे, असं त्यानं येताच खिडकीतून सांगितलं. "सोजराक्का, कालची रात्र खेडला, आज इथं. म्हातारा थकतच न्हाई. पण आता पोटात कावळे असतील."

सिस्टरांनी मान करायचा म्हणजे काय, ते त्या दिवशी दाखवलं. पार्लरमधलं टेबल पांढऱ्या कापडानं झाकलं. ठेवणीतली चिनी भांडी काढली. सूप, भात, भाजीचे कटलेट, कस्टर्ड आणि मधोमध हरभऱ्याची उसळ. सव्वाअकराला भंतेंना बसवलं. मदरनी हात जोडले. ज्ञानदेवाला व्हरांड्यात वेगळी खुर्ची आणि वेगळं ताट दिलं, म्हणजे मोठ्या पाहुण्याला निवांतपणा मिळेल. मग सगळ्या बाहेर आल्या आणि पार्लरचं दार हलकेच ओढून घेतलं. मोठा पाहुणा जेवताना त्याच्याकडे बघत उभं राहायचं नाही. बिशप आले तरी हेच. यापेक्षा जास्त आदर त्या घराला माहीत नव्हता.

व्हरांड्यात ज्ञानदेव ताटाला हात न लावता बसून राहिला. भंते जेवल्याशिवाय तो जेवणार नव्हता. आत सिस्टर वाढत असतील, असं तो धरून चालला होता.

स्वयंपाकघरात सोजरबाई भांडी घासत होत्या. आत कुणीतरी पात्रात घालत असेल, असं त्याही धरून चालल्या होत्या. आपल्या हातानं नाही, पण सिस्टर रेजिनाच्या. वसईची पोरगी, हात चांगला आहे तिचा.

बाराची घंटा झाली. सिस्टर चॅपलमध्ये गेल्या, दुपारची प्रार्थना म्हटली, बाहेर आल्या. सिस्टर रेजिनानं ताटं उचलायला पार्लरचं दार उघडलं. भंते खुर्चीत ताठ बसले होते. डोळे अर्धवट मिटलेले. मांडीवर रिकामं पात्र. टेबलावर सगळं जसंच्या तसं. सुपावर साय धरली होती.

सिस्टर रेजिना स्वयंपाकघरात पळत आल्या. त्या खिडकीऐवजी दारातून आल्या अशी ही पहिली वेळ. "सोजरबाई, त्यांनी काहीच खाल्लं नाही. काय चुकलं? मीठ?"

"तुमी काय काय घातलं पात्रात?"

"आम्ही? आम्ही कशाला घालू? सगळं समोर ठेवलं होतं. घ्या म्हटलं."

सोजरबाईंच्या हातातून काथ्या पडला. "अहो, भंते सोताच्या हातानं घेत न्हाईत. दिल्याबिगर कशाला शिवत न्हाईत. कुणीतरी उचलून द्यावं लागतं. आन् मागत बी न्हाईत."

"पण हे तुम्ही सांगितलं नाहीत."

सोजरबाईंनी नाहीच सांगितलं. पाहुण्याला वाढायचं असतं, हे कुणी कुणाला सांगतं का? एका बाजूला आदर, दुसऱ्या बाजूला आदर, आणि मध्ये तासभर म्हातारा माणूस भरल्या टेबलासमोर उपाशी बसलेला.

तोवर मदर आल्या, मागोमाग ज्ञानदेव. त्याला कळलं तसा तो मटकन पायरीवर बसला. "संपलं," तो म्हणाला. "घंटा झाली. आता उद्या पहाटे. आन् दुपारी चारला सभा हाय."

मदर ऑगस्टांचा चेहरा पांढरा पडला होता. आवाज न करता चालणाऱ्या त्या बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "मी बोलावलं," त्या म्हणाल्या. "मी घरी बोलावून उपाशी ठेवलं."

सोजरबाई मागच्या दाराशी गेल्या. अंगणात पाहिलं. मग पदर खोचला.

"मदर, बारा वाजले न्हाईत."

"सोजर, घंटा—"

"घंटा झाली. दुपार झाली न्हाई. या इकडं." आणि मदरना त्यांनी दंडाला धरून अंगणात आणलं. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. नंतरही नाही. "ही खांबाची सावली. ही फरशांची ओळ. सावली ओळीवर आल्याबिगर सूर्य माथा वलांडत न्हाई. अजून दोन विती हायेत. पंधरा भाकऱ्यांचा वेळ हाय."

ज्ञानदेव उठून आला. सावलीकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सव्वाबारा झाले, आक्का."

"ते तुझ्या कंपनीचं."

सिस्टर रेजिना एकदम पुढे आल्या. त्या सातवीला भूगोल शिकवायच्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मदर, बरोबर आहे. आपलं घड्याळ साऱ्या देशाला एकच. ते अलाहाबादच्या बाजूच्या सूर्यावर लावलेलं आहे. आपण पश्चिमेला. आपल्याकडे सूर्य अर्धा-पाऊण तास मागून येतो. मी दर वर्षी फळ्यावर काढते हे." आणि मग हळू म्हणाल्या, "फळ्यावरच काढते."

"पण त्यांना हे चालेल?" मदरनी विचारलं. "आपल्या सोयीसाठी त्यांचा नियम आपण वाकवायचा नाही."

तो प्रश्न सोजरबाईंनाही पडला होता. आपल्याला द्यायचं आहे, म्हणून आपण सावली मोठी करून बघतो आहोत का? त्यांनी सावलीकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यांनाच दाखवू. त्यांचा नियम, त्यांनी बघावा."

भंते आले. पायांत काही नव्हतं. अंगणात त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. खांबापाशी उभे राहिले, वर पाहिलं, खाली पाहिलं. वाकले. सावलीच्या टोकापासून फरशीपर्यंत वीत टाकली. एक, आणि दुसरी थोडी कमी. मग सोजरबाईंकडे पाहून हसले. त्यांना हिंदी मोडकी येत होती.

"नियम सूरज का है," ते म्हणाले.

आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर, जिथे सोजरबाई रोज बसून भाजी निवडायच्या, तिथे बसले. पात्र पुढे धरलं.

पार्लर लांब होतं, आणि आता तिथे कुणाला जायचंही नव्हतं. सिस्टर रेजिनानं टेबलावरची भांडी त्या खिडकीतून उलट आत द्यायला सुरुवात केली. पहिलं आलं ते उसळीचं. सोजरबाईंनी ते घेतलं. डाव घेतला, उसळ घेतली, पात्रात घातली. भंतेंचा हात पात्राखाली होता. तो हलला नाही, मागे गेला नाही. हरभऱ्याच्या वजनानं पात्र जरासं खाली गेलं, एवढंच. भंतेंनी मान लववली.

मग सोजरबाई बाजूला सरकल्या. दान एकटीनं खाऊन टाकायची गोष्ट नव्हे. त्यांनी भाताचं भांडं उचललं आणि मदरच्या हातात दिलं.

"मला येत नाही," मदर ऑगस्टा म्हणाल्या.

"येतंय. घाला."

मदरनी भात घातला. थोडा पायरीवर सांडला. सिस्टर रेजिनानं कटलेट घातले, ज्ञानदेवानं कस्टर्ड. गेनबा लांब उभा होता. सोजरबाई म्हणाल्या, "ये की. घंटा मारून हात झिजलं व्हय तुझं?" गेनबानं धोतराला हात पुसले आणि एक केळं ठेवलं.

भंते सावकाश जेवले. सगळ्यांच्या नजरा सावलीकडे, त्यांची नव्हती. सावली ओळीपासून चार बोटांवर आली तेव्हा त्यांनी शेवटचा घास घेतला आणि पात्रावर हात ठेवला. मग त्यांनी पाली भाषेत काही म्हटलं. ज्ञानदेवानं आणि सोजरबाईंनी हात जोडले. मदरनी थोडा वेळ वाट पाहिली, मग त्यांनीही जोडले.

त्या संध्याकाळी मदर पुन्हा स्वयंपाकघरात आल्या. "बारा वर्षं आमची घंटा चुकीची वाजते, आणि तू काही बोलली नाहीस."

"चुकीची न्हाई, मदर. घंटा तुमची हाय. ती बाराला वाजती."

घंटा बदलली नाही. पार्लरची रीतही मोडली नाही. फक्त पुढे कुणी मोठा पाहुणा आला की मदर त्याला आधी मागच्या अंगणात न्यायच्या. खांब दाखवायच्या, सोजरबाई दाखवायच्या. बिशपनासुद्धा. एक्क्याऐंशी साली गुडघे ऐकेनासे झाले आणि सोजरबाईंनी काम सोडलं. निरोपाला सिस्टरांनी मनगटी घड्याळ आणलं होतं. ते पाहून सिस्टर रेजिनालाच हसू फुटलं. सोजरबाईंनी ते नातीला दिलं. ती नात आता घड्याळ बघून भाकरी करते, आणि सोजरबाई म्हणतात की भाकरी करपते.

पण हे नंतरचं. त्या गुरुवारी त्या घरी पोचल्या तेव्हा भीमराज पहिल्या शिफ्टवरून येऊन, भाकऱ्या करून बसले होते. त्यांना येत तशा, जाड. सोजरबाई भिंतीला टेकल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून त्यांनी स्वतः काही खाल्लं नव्हतं.

"जेवले का भंते?" भीमराजनी विचारलं.

"जेवले."

"बाराच्या आत?"

"आत."

"कुणी वाढलं?"

सोजरबाईंनी उजवा हात पुढे केला. तळव्यावर डावाच्या दांड्याचा वळ होता, इतका घट्ट धरला होता. भीमराजनी त्या हाताकडे पाहिलं. मग टोपलीतली भाकरी काढली, ताटात न ठेवता तशीच त्या तळव्यावर ठेवली.

"घे," ते म्हणाले. "न्हाईतर तूबी आता दिल्याबिगर जेवायची न्हाईस."